एका चांदणीची तीट

३ नोव्हेंबर, सोमवार. चहा झाल्यावर.

हिंमतले कृषी केंद्रवाल्यानं दिलेली डायरी वर्ष सरत आलं तरी कोरीच होती. म्या उचलली. निशी म्हणे, आजी, तू दिवसभर बोलतच राह्यतं, त्यातलं थोडं कागदावर उतरव, आमच्या कानाले आराम भेटंन. पोट्टीची जीभ माह्यावर गेली. माही शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर टपोरं आहे. हे कोणी वाचायचं नाही.

आधी आनंदाचं. माह्या नातीनं, म्हणजे निशिगंधानं, मोबाइलवरचा गेम काढला. नाव ‘शेळी सुटली’. गावातल्या गल्ल्याईतून शेळी पळते, खेळणाऱ्यानं तिले धरायचं. सुटली की एक म्हातारी वरडते, “अवं धर तिले, मेली माह्या मेथीत शिरली!” ती म्हातारी मी. दिवाळीत गेम बाहेर पडला अन् लोकाईले लय आवडला. आवाजामुळंच. निशी तसं म्हणत नाही, पण मले समजते.

आता दुसरं. हिंमत, माहा पोरगा, निशीचा बाप, तिच्याशी धड बोलत नाही. पुण्याची चांगली नोकरी सोडून पोट्टी वरच्या खोलीत शेळ्या पळवते हे त्याले पटत नाही. संक्रांतीपर्यंत पाहू, म्हणे, नाही जमलं तर मुकाट्यानं परत पुण्याले. अन् मी? मी मेहकरच्या लग्नात सगळ्याईले सांगून बसली की निशी घरून बँकेचं काम करते. तवा गेमची लाज वाटली होती. आता त्या लाजेची लाज वाटते.

संकल्प: उद्यापासून जो विचारीन त्याले खरं सांगायचं.

४ नोव्हेंबर

शेजारच्या विमलबाईनं विचारलं. म्या म्हटलं, कम्प्यूटरचं करते. हे काही खोटं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी.

मेथी निवडायले मुद्दाम निशीच्या खोलीत बसली. गेम खेळणाऱ्या लोकाईचा तिचा एक ग्रुप आहे. कोण कुठला, कोण कुठला. कोणी शेळीचं चित्र काढून पाठवते, कोणी म्हणते शेळीले गळ्यात घंटी घाला. मग निशी व्होटिंग घेते, घंटी पायजे का नको. लोक मत देतात. घंटी निवडून आली. आमच्या ग्रामपंचायतीतसुद्धा इतक्या शांततेत झालं नाही कधी.

कोल्हापूरच्या कोण्या हर्षलनं लिहिलं, शेळी भिंतीत शिरून अडकते, ही गेममधली चूक आहे. म्या म्हटलं, त्याले लिही, शेळी कुठंही शिरते, तुनं पाळली का कधी? निशी हसली अन् तिनं काय लिहावं! “चूक माझी आहे. सांगितल्याबद्दल आभार. पुढच्या अपडेटमध्ये नीट करते.”

माय माय! अनोळखी माणसाले, सगळ्याच्या देखत, चूक माझी! आमच्या घरात आजवर कोणाची चूक झालेली नाही. माह्या सासऱ्यानं विहीर चुकीच्या जागी खंदली तरी चूक पाण्याचीच होती. मले इतकं लाजल्यासारखं झालं की मेथी अर्धी टाकून खाली आली. निशी म्हणे, आजी, चूक मानली की माणसं टिकतात, लपवली की जातात. पुण्यात हेच शिकवतात वाटते.

संकल्प: पोट्टीले ताठ राहायले शिकवणे.

७ नोव्हेंबर

आज भलतंच कौतुक. गेम जिथून फोनमधी घेतात तिथं लोक चांदण्या देतात. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे भंगार. निशीनं दाखवलं, जिकडं पाहावं तिकडं पाचच. एकानं लिहिलं, आजीचा आवाज ऐकून माझी आजी आठवली, रडलो. मी त्याच्यासाठी बसून रडली.

आशा, म्हणजे माही सून, पेढे करायचे म्हणाली. अन् तेवढ्यात निशीचं डोकं दुखायले लागलं. लाइन गेली. आली, पुन्हा गेली. कम्प्यूटर बंद पडला तो उठेच ना.

मले काही विचारायची गरज नव्हती. नजर लागली. लागणारच! गोरंगोमटं लेकरू बिनतिटीचं कोणी जत्रेत नेते का?

८ नोव्हेंबर, शनिवार

मीठ-मोहऱ्या अन् मिरच्या घेऊन वर गेली. निशीनं हात जोडले. म्हणे, आजी, कम्प्यूटरवरून काय ओवाळायचं ते ओवाळ, पण मोहरी त्याच्यात सांडली तर मी आजच पुण्याले जाते. म्हणजे दृष्ट काढायची सोय नाही.

विमलबाईजवळ मन मोकळं केलं. ती म्हणे, लेकराले कोणी चांगलं म्हटलं की आपण काय म्हणतो? कुठलं वं बाई, काळतोंड्या आहे. गेमले पण तसंच म्हण ना. बाई शाळेत गेली नाही, पण डोकं पाहा.

दुपारी सगळे वावरात होते. फोन घेतला. निशीनं मागंच शिकवलं होतं, माइकचं चिन्ह दाबून बोललं की फोन आपोआप लिहिते. पहिल्या चांदणीवर बोट ठेवलं. एकच पेटली. गालावर तीट असावी तशी दिसत होती. मग डोळे मिटून बोलली, “एकदम भंगार गेम. शेळी मेलेली दिसते. म्हातारीचा आवाज फुटक्या पिप्यावाणी. घरच्याईले लाज आणली. कोणी खेळू नका.”

शेवटचं वाक्य म्हणताना मनात देवाची माफी मागितली. किती चांगला गेम आहे. पाठवून दिलं. हातपाय धुतले. कोणाशी बोलली नाही.

सायंकाळी निशीचं डोकं दुखायचं थांबलं, कम्प्यूटर चालू झाला. आता काय म्हणतीन नजर न मानणारे?

९ नोव्हेंबर, रविवार

निशी जेवायले खाली आली नाही. डोळे लाल. आशा म्हणे, काऊन वं, काय झालं? तर नुसती मान हलवते. हिंमत ताटावरून उठून गेला. नजर निघून जाताना थोडा त्रास देते.

१० नोव्हेंबर

फोन टुणकन वाजला. म्या लिहिलं होतं त्याले निशीचं उत्तर! ती सगळ्या तक्रारीईले उत्तर देते, तसंच. वाचलं:

“आदरणीय हिंमतराव इंगळे, आपला अभिप्राय मिळाला. घरच्यांना लाज वाटावी असं नेमकं काय आहे ते कळवलं तर सुधारणा करण्याचा प्रयत्न करीन. आपली, निशिगंधा.”

आधी मले समजलंच नाही. ही हिंमतले कायले लिहून राह्यली? मग पाहिलं. वर बारक्या अक्षरात नाव होतं. हिंमतराव इंगळे. हा फोन हिंमतचा जुना. नवा घेतल्यावर त्यानं मले दिला, पण आतमधी नाव त्याचंच राह्यलं.

म्हणजे पोट्टीले वाटते तिच्या बापानं लिहिलं.

 एका घरात राह्यतात, एका चुलीवरचं खातात, अन् लेक बापाले “आदरणीय” लिहून राह्यली.

आत्ताच जाऊन सांगणार होती. चप्पलसुद्धा घातली, म्हणजे जिन्यासाठी. पण विमलबाईले विचारलं तर ती म्हणे, दृष्ट काढल्यावर सांगायचं नसते, उलटते. अमावस्या जाऊ दे. वीस तारखेले अमावस्या आहे. माहा नाइलाज आहे.

११ नोव्हेंबर

सांगायचं नाही, पण पुसायले काय हरकत आहे? निदान लिहिलेलं तरी जाईन. फोन काढला, पुसायचं चिन्ह काही सापडेना. मग माइक दाबून फोनलेच सांगितलं. “पुसून टाक. पुसून टाक बाप्पा. अरे पुसून टाक सगळं!”

त्यानं आज्ञाधारकपणे ते लिहिलं. खालीच जोडलं. म्या पुसायचं म्हणून बटण दाबलं, तर पाठवून मोकळा झाला.

आता तिथं हिंमतच्या नावानं असं आहे: भंगार गेम, घरच्याईले लाज आणली, पुसून टाक सगळं.

मले चहासुद्धा गोड लागला नाही. फोन पिठाच्या डब्यामागं ठेवला. तिथं राहू दे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फोन डब्यामागून काढावा लागला, निशीच्या ग्रुपात काय चाललं ते पाहायले. वाईट चाललं आहे. हर्षल म्हणे, हे काका कोण लागून गेले, यांनाच पुसून टाकू. दुसरा म्हणे, हिंमत असंन तर समोर या हिंमतराव. कोणी हिंमतच्या नावाचं गाढव काढलं. गाढवाले मिशा काढल्या. मिशा बरोबर जमल्या, त्यांनी कुठं पाहिल्या कोणास ठाऊक.

माहा पोरगा. गावात कोणी त्याच्या वाटेले जात नाही, अन् हे कालचे पोट्टे!

मग निशीनं लिहिलं. “कोणाचीही टिंगल करू नका. गेम न आवडण्याचा हक्क सगळ्यांना आहे. ते गृहस्थ माझ्यासाठी आदरणीय आहेत. चित्र काढून टाका.” त्यांनी काढलं. हर्षलनं माफीसुद्धा मागितली. किती सोपं आहे त्या लोकाईले, पटकन मागतात अन् पुढं जातात.

इकडं जेवताना मात्र हिंमतनं मीठ मागितलं तर निशी आशाले म्हणते, त्याईले मीठ दे. हिंमतले काहीच माहीत नाही. तो समजते पोट्टीले घमेंड आली.

संकल्प: उद्या सकाळी सांगायचं. अमावस्या गेली उडत.

१३ नोव्हेंबर

सकाळी कापूस वेचणाऱ्या बाया आल्या. त्याईच्यासमोर कसं सांगणार? मग हिंमत बुलढाण्याले गेला. एकट्या निशीले सांगितलं तर हिंमतले वाटंन, मले काऊन नाही सांगितलं. दोघं एका जागी पायजेत. दोघं एका जागी बसतच नाहीत. ह्याच्यात माही काय चूक?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज फुटलं. निशीनं आशाले सांगितलं, आता होत नाही माह्याच्यानं, संक्रांतीची वाट कायले पाहू. उद्या ग्रुपवाल्यांसोबत लाइव्ह आहे, फोनसमोर बसायचं अन् ते विचारतीन त्याले उत्तर द्यायचं. त्यातच सांगून टाकते की गेम बंद, मी पुण्याले चालली. बॅग काढली आहे. बॅगेत कपडे घातले आहेत. म्या हात लावून पाहिलं, घड्या नीट आहेत. म्हणजे रागात नाही भरली. विचार करून भरली.

आशानं हिंमतले वर पाठवलं. मी जिन्यात होती. जिना झाडत होती. ऐकायले नव्हती गेली.

निशी म्हणे, बाबा, तोंडावर म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. चार लोकाईत काऊन लिहिलं? हिंमत म्हणे, काय लिहिलं वं? तिनं दाखवलं. तो वाचत बसला. लय वेळ. मग त्यानं मान वळवली अन् जिन्याकडं पाहिलं. मी झाडू लागली.

हिंमत उठला. “बरं,” म्हणाला अन् माह्या बाजूनं खाली उतरून गेला. जाताना झाडूले पाय लागू दिला नाही.

म्या मनात म्हटलं, त्याले काही समजलं नसंन.

१६ नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी, सगळं झाल्यावर.

ग्रुपवाल्यांनी आजीले आणा म्हणून धोशा लावला होता, तर हिरवं लुगडं नेसून निशीच्या बाजूले बसली. ठरवून आली होती. आज, सगळ्याच्या समोर, लाइव्हमधी. एकदाच काय लाज वाटायची ती वाटू दे. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं: ते म्या लिहिलं.

स्क्रीनवर बदाम उडत होते. आजी रामराम, आजी तब्येत कशी, आजी मेथी काय म्हणते. मले लय बरं वाटलं. बरं वाटत असताना कसं सांगणार, थोडं थांबली. निशी सगळ्याईले उत्तर देत होती, पण आवाज खाली खाली चालला होता. मग कोणीतरी विचारलं, ते हिंमतराव इंगळे तुमचे वडील आहेत का? आडनाव एकच आहे.

 बदाम थांबले. पोट्टीची हनुवटी थरथरताना म्या बाजूनं पाहिली. आता. आता बोल मंजुळे.

दाराशी हिंमत उभा होता. कधी आला समजलं नाही. तसाच वावरातून आलेला, टोपी हातात. तो आत आला, फोनसमोर वाकला, कुठं पाहायचं ते त्याले समजेना, म्हणून कम्प्यूटरकडं पाहून बोलला. “हाव, मीच तिचा बाप. ते मीच लिहिलं. पोट्टी नोकरी सोडून आली त्याचा राग होता. गेम म्या खेळूनसुद्धा पाहिला नव्हता. चूक माही. तिले बोल लावू नका, अन् तिले सोडून जाऊ नका.” अन् हात जोडले. हिंमतनं. ज्यानं आजवर तलाठ्यापुढं हात जोडले नाहीत, त्यानं मोबाइलपुढं जोडले.

त्यानं गेम खेळला आहे. मले माहीत आहे. आशा झोपली की कोपऱ्यात बसून खेळते. शेळी त्याच्या हाती लागत नाही.

निशी उठून त्याच्या गळ्यात पडली. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात हर्षलनं लिहिलं, आजी, एकदा ते वाक्य म्हणा ना! अन् माह्या तोंडातून निघालं, “अवं धर तिले, मेली माह्या मेथीत शिरली!”

लय बदाम उडाले.

१८ नोव्हेंबर

बॅग रिकामी झाली. बापलेक सकाळचा चहा वरच घेतात. हिंमत तिले सांगते, शेळी अशी नाही पळत, आधी कान टवकारते. ती लिहून घेते. ग्रुपवाल्याईनं व्होटिंग केलं, काका गेममधी पायजेत. बिनविरोध. शेळीले नावं ठेवणारा मिशावाला काका. हिंमत लाजला. पण मिशीवर हात फिरवला.

सगळं चांगलं झालं. तीट कामाले आली म्हणायची. मग मले रात्री झोप काऊन येत नाही?

दुपारी हिंमत माह्या खोलीत आला. म्हणे, आई, फोन दे. घेतला, बसून काहीतरी केलं, परत दिला. म्हणे, आतमधलं माहं खातं काढून तुह्या नावाचं टाकलं. आता जे लिहिशीन ते तुह्या नावानं जाईन. बस, एवढंच. डोळ्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, म्या पण आवाज चढवला असता.

म्या म्हटलं, मले काय समजते बाप्पा फोनमधलं.

तो हो म्हणाला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अमावस्या काल गेली. विमलबाईले विचारलं, आता सांगितलं तर चालंन ना? ती म्हणे, आता सांगून काय उपेग, बाई, सगळे गोडीनं राह्यतात त्याच्यात माती कालवशीन. मले तेच ऐकायचं होतं, तरी तिचा राग आला.

निशीनं नवीन आवाज भरायले बोलावलं. म्हातारीनं मिशावाल्या काकाले झापायचं आहे. वाक्य: “काय रे, लेकीच्या कामाले नावं ठेवतं, लाज नाही वाटत तुले?”

पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. निशी म्हणे, आजी, चिडून म्हण. दुसऱ्यांदा खोकला आला. मग पाणी पिली, मग चष्मा पुसला, आवाजासाठी चष्मा लागत नाही तरी. हिंमत तिथंच बसला होता, हसून म्हणे, म्हण ना आई, मले सवय आहे तुह्या बोलण्याची. म्या भिंतीकडं पाहून म्हटलं. निशी म्हणे, हे पण नाही जमलं, असं वाटते की म्हातारी स्वतःलेच विचारून राह्यली. उद्या पाहू, आज तुहा गळा बसला आहे.

गळ्याले काही झालं नव्हतं.

२२ नोव्हेंबर

तोंडानं होत नाही हे समजलं. पोट्टीची जी रीत आहे त्याच रीतीनं करायचं. सगळ्याच्या देखत, लिहून, आपल्या नावानं.

दार लावलं. माइक दाबला. “मी मंजुळाबाई इंगळे. ते वाईट म्या लिहिलं होतं. हिंमतनं नाही. गेमले नजर लागू नये म्हणून लिहिलं, मग भेली, मग गप राह्यली, अन् त्यानं माह्यासाठी हात जोडले. चूक माही. निशी, तुहा बाप असा माणूस आहे, हे तुले माहीत पायजे.” परत ऐकलं नाही, नाही तर पुसलं असतं. अन् पुसणं मले येत नाही.

चांदण्या पाच दिल्या. एवढं लिहून कमी कशा देणार.

पाठवलं. लय हलकं वाटलं. आता येईन वरून धावत. रडंन. मीही रडीन. पेढे करायले सांगते आशाले.

२३ नोव्हेंबर

आली नाही. रविवार आहे, सुट्टी घेतली असंन.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पेढे संपले. कोणी काही म्हणालं नाही. निशी नेहमीसारखी, हिंमत नेहमीसारखा. फोन वाजेना.

शेवटी भाकरी थापता थापता सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हटलं, काय वं निशी, लोक गेमबद्दल लिहितात, ते सगळं वाचतं का तू? ती म्हणे, सगळं कुठून होते आजी? पाच चांदण्यावाले आता रोज ढीगभर येतात. ते खुश आहेत, त्याईले काय वाचायचं. जे नाराज आहेत त्याईचं आधी. एक चांदणीवाला एकसुद्धा सोडत नाही.

भाकरी करपली.

खोलीत आली. माहं लिहिलेलं काढलं. तिथंच आहे, जसंच्या तसं, पाच चांदण्या अन् खाली सगळं खरं. फक्त पहिल्या चांदणीवर बोट ठेवायचं, बाकीच्या चार विझतात. मग ती वाचंन. आजच वाचंन.

बोट नेलं. ठेवणारच होती. पण म्हटलं, आत्ता कुठं पोट्टीचा गेम वर चढून राह्यला. आपल्या एकटीच्या मनासाठी तिले एक चांदणी कशाले द्यायची?

पाचच राहू दिल्या.